बिन्यामीन वकिलांचा काळा कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. माझे कापड विटले आहे, एका बाहीला कसर लागली आहे. पण एके काळी मी शिरोड्याच्या बिन्यामीन वाकरूळकर वकिलांच्या अंगावर होतो. वेंगुर्ल्याच्या शिंप्याने मला शिवले.

गावात ज्यू कुटुंब ते एकच. शुक्रवारी दिवस मावळला की साहेब मला खुंटीला अडकवत आणि शनिवार सरेपर्यंत हात लावत नसत. तो ज्यूंचा विश्रांतीचा वार, बायको रिबकाबाईंचा आणि लेक शोशन्नाचा दिवस. सात वर्षांच्या लेकीच्या वेण्या ते स्वतः घालत! अशील दारात आला तर म्हणत, "उद्या ये रे. आज मी नुसता बाप आहे."

१९५७ सालच्या एका शनिवारी सकाळी मात्र त्यांनी मला खुंटीवरून ओढले. शोशन्नाला घटसर्प झाला होता. घसा बंद होत चालला होता. डॉक्टर म्हणाले, "बेळगावहून औषध यायला दोन दिवस लागतील. पोर संध्याकाळ काढणार नाही." औषध खाडीपलीकडे, पेडण्याला होते. पण गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. हद्द बंद. परवान्याशिवाय जाणे गुन्हा.

खाडीकाठच्या आरोंद्याला रहमतुल्ला होडीवाला म्हणाला, "साहेब, पोलिसांनी बघल्यानी तर तुमची वकिली जातली."

"जाऊ दे. तू होडी सोड."

दुपारी परतताना औषधाची बाटली माझ्या आतल्या खिशात होती. तिच्यामागे साहेबांचे काळीज धडधडत होते. काठावर जयराम हवालदार उभा होता.

"साहेब, माका तुमका धरूचा लागतला."

साहेबांनी जन्मात कुणापुढे हात पसरले नव्हते. ते चिखलात गुडघ्यांवर बसले. मला काढून बाटलीभोवती गुंडाळले. "मला धर, जयराम. पण हे आधी घरी पोचव!"

जयरामने त्यांना आणि रहमतुल्लाला चौकीत बसवले आणि सायकल दामटली.

मित्रांनो, पुढचे मी पाहिले, बापाने नाही. पोर निळी पडली होती. डॉक्टरांनी सुई टोचली. रिबकाबाई मला छातीशी धरून देवाला हाका मारत राहिल्या. दिवेलागणीला शोशन्नाचा श्वास मोकळा झाला. तिकडे साहेबांना वेंगुर्ल्याच्या कोठडीत हलवले होते; लेक आहे की गेली, तेही त्यांना ठाऊक नव्हते.

सोमवारी रिबकाबाई मला हातावर घेऊन कोर्टात आल्या. साहेब आरोपीच्या पिंजऱ्यात, नुसत्या सदऱ्यावर. त्यांची नजर बायकोच्या चेहऱ्यावर खिळली. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो!

"तिने सकाळी पेज मागितली," बाई एवढेच म्हणाल्या.

साहेब कठड्यावर डोके टेकून हुंदके देऊ लागले.

"गुन्हा कबूल?" न्यायाधीशांनी विचारले.

"कबूल. होडीवाला माझ्या विनवणीने आला. त्याला सोडा."

रहमतुल्ला सुटला. साहेबांना तीन महिन्यांची कैद झाली, वकिलीची सनद गेली. पुढे ते ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. मला त्यांनी पुन्हा कधी घातले नाही. १९६६ साली ते गेले. मायलेकी इस्राएलला निघाल्या, तेव्हा त्यांनी मला रहमतुल्लाच्या बायकोकडे, जन्नतबीकडे सोपवले.

आता जन्नतबीला दिसत नाही. परवा सुनेने पायपुसण्यासाठी मला कापायला घेतले. कात्रीचा आवाज ऐकून म्हातारीने चाचपले, माझी बाही हाताला लागली आणि ती किंचाळली, "गो, थांब! तो बिन्यामीन वकिलांचो कोट!"

"ते कोण?" सुनेने विचारले.

जन्नतबीने तिला जवळ बसवले.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी ती कोणाची होती, हे म्हाताऱ्यांना विचारा. आज विचारा. सांगणारे फार दिवस थांबत नाहीत.