पाठीवरचं दप्तर

मधली सुट्टी झाली तरी पाचवीत नव्याने आलेली कामिनी पाठीवरचं दप्तर काढेना. नव्या पोरांना रुळवायचं काम मुख्याध्यापकांनी दिपमालाबाईंच्या गळ्यात घातलं होतं. पारोळ्याहून बदली होऊन आलेल्या बाईंचाही अमळनेरात आज पहिलाच दिवस. स्टाफरूममधली आपली खुर्ची कोणती, हे विचारायचा धीर झाला नाही, म्हणून त्या सुट्टीतही वर्गातच उभ्या राहिल्या होत्या.

ही पोर पळून गेली तर? बाई तिच्या बाकाजवळ गेल्या.

"अगं, काढ ते दप्तर! शाळा आपलीच आहे, घाबरायचं कशाला?" आवाज उगाच चढला.

कामिनी त्यांच्याकडे बघत अहिराणीत हळूच म्हणाली, "बाई, तुमनी पर्स बी खांदावरच शे."