काचेवरचा कण

पाच वाजेपर्यंत उत्तर गेलं नाही, तर अक्षयाचा शोधनिबंध परत येणार होता. अडीच वाजून गेले होते. परीक्षकाचा आक्षेप एका ओळीचा होता: फिल्ममधली पेशी मेलेली दिसते.

पेशी मेलेली नव्हती, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पेशीतून बोटांसारखे बारीक कोंब निघतात. प्रत्येक कोंबात ॲक्टिनच्या धाग्यांची जुडी असते आणि फॅसिन नावाचं प्रथिन ती बांधून ठेवतं. अक्षयाचं म्हणणं असं, की हे बंध कायमचे नसतात. फॅसिनचा एक रेणू सुटतो, दुसरा येऊन धरतो. जुडी ताठच राहते. तिने ॲक्टिन आणि फॅसिनला दोन रंगांत चमकवून लेसरने एका जागची चमक विझवली. फॅसिनचा काळा डाग काही सेकंदांत भरून आला. ॲक्टिनचा तसाच राहिला, आणि घोडं तिथंच अडलं. जिवंत कोंबात नवा धागा टोकाशी वाढतो आणि सगळी जुडी हळूहळू मागे सरकते. तिच्या फिल्ममध्ये तो डाग जागचा हललाच नव्हता.

मुंबईहून तिचे मार्गदर्शक विनीत सर फोनवर म्हणाले, "ती फिल्म काढून टाक. बाकीच्यावर भागेल."

"नाही सर. फिल्म बरोबर आहे. माझंच काहीतरी बघायचं राहतंय."

मिरकरवाडा बंदरातल्या घरी ओटीवर लॅपटॉप उघडा होता. केरूकाका, तिचे सख्खे चुलते, तीस वर्षं तांडेल म्हणून मासेमारीची होडी चालवत होते. चहा घेऊन आले आणि पडद्यावर वाकले.

"हा किडा कोण गो?"

"किडा नाही काका, धुळीचा कण. काचेला चिकटलाय."

"चिकटलाय, तर चालतो कसा?"

अक्षयाने फिल्म मागे नेली. कण खरोखरच कोंबाच्या टोकाकडे सरकत होता. पन्नासदा फिल्म बघून तिने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"आपण सरकतोय का दुसरा, ते कळायला खूण लागते. तू खूण कशावर धरलीस?" काकांनी विचारलं.

सूक्ष्मदर्शकाखाली काच किंचित हलते, म्हणून सगळी चित्रं एका खुणेवर जुळवावी लागतात. तिने ती जुळवली होती ॲक्टिनच्या डागावर.

"धाग्यावर," ती म्हणाली.

"म्हणजे चालत्या होडीवर! आम्ही दीपगृह आणि देवळाचा कळस एका रेषेत धरायचो. दुसऱ्याच्या होडीवर खूण धरणारा तिच्यासोबत वाहत जायचा नि म्हणायचा, मी जाग्यावरच हाय. एवढी शिकलीस गो, आणि..."

"काका, चहा ठेवा आणि गप्प बसा."

"बसतो. माझं काय जातंय!"

तिने चित्रं कणावर जुळवली. आता कण थांबला आणि ॲक्टिनचा डाग संथपणे मागे निघाला. फॅसिनचा डाग मात्र मागे जाण्याआधीच भरून आला. इतर सात कोंबांतही तेच दिसलं.

तिने सरांना फोन करून सांगितलं. "मग नवी फिल्म पाठव," सर म्हणाले. "चूक कशाला उगाळायची?"

"परीक्षकांनी जुनी पाहिलीय सर. दोन्ही पाठवते."

सरांनी होकार दिला. "पाठव."

तिने लिहिलं: 'पेशी जिवंत आहे. मी चित्रं सरकत्या धाग्यावर जुळवली होती, ती माझी चूक. आता काचेवरच्या कणावर जुळवली आहेत.' चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर गेलं.

"मानेल काय गो तो परीक्षक?" काकांनी विचारलं.

"मानावंच लागेल," गार झालेला चहा उचलत अक्षया म्हणाली. "काचेला चिकटलेला कण जुन्या फिल्ममध्येही चालताना दिसतोय."