गोड पाण्याचा नळ

मित्रांनो, तुमच्या घरातला नळ तुम्ही सोडता आणि काम झाले की बंद करता. मला बंद करण्याची सोयच नाही. मी रस्त्याकडेचा दगडी नळ आहे. मला चावी नाही, पिळायला काही नाही. दगडी भिंतीतून एक लोखंडी नळी बाहेर आली आहे आणि तिच्यातून रात्रंदिवस खालच्या हौदात पाणी पडत असते. इतकी वर्षे झाली, मी घटकाभरही विसावलेलो नाही. मी थकलो आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा सूर रडका लागला तर तुम्ही नाक मुरडणार नाही.

माझे गाव द्रेनिक. बल्गेरियात डॅन्यूब नदीपासून जरा आत, उघड्या माळाखाली ते वसले आहे. मला कोणत्याही सरकारने बांधले नाही. मला एका बापाने बांधले. कान्यो गवंडी आणि त्याची बायको राइना यांना मोंचिल नावाचा एकुलता एक मुलगा होता. शहरात एका इमारतीचे काम चालू असताना तो परांचीवरून पडला आणि गेला. आमच्याकडे कोणी असा अकाली गेला की घरचे लोक त्याच्या नावाने वाटेवर नळ बांधतात. येणारा-जाणारा तिथे पाणी पितो आणि म्हणतो, “देव त्याला क्षमा करो.” तेवढे शब्द गेलेल्या माणसाला पोहोचतात, असे इथले लोक मानतात.

कान्योने टेकडीच्या पायथ्याचा झरा शोधला आणि मातीचे नळ पुरून पाणी रस्त्यापर्यंत आणले. माझा एकही दगड त्याने दुसऱ्याला उचलू दिला नाही. मुलाचे नाव कोरताना त्याचे डोळे भरून आले आणि दुसरे अक्षर तिरके झाले. शेजारी म्हणाले, दगड बदल. राइना म्हणाली, राहू दे. ते अक्षर अजून तिरकेच आहे. पुढे कान्योही गेला आणि राइनाच्या केसांची चांदी झाली. सारे गाव त्यांना राइनाआजी म्हणू लागले.

काय दिवस होते ते माझे! माझ्यासमोर रांग लागायची. गावात घरोघरी नळ आले होते, पण ते पाणी दूरच्या धरणातून यायचे आणि त्याला औषधाचा उग्र वास असायचा. उन्हाळ्यात तर ते अर्धा दिवस गायबच व्हायचे. लोक त्या पाण्याने भांडी घासत आणि प्यायला मात्र माझ्याकडे येत. माझ्या पाण्यात घेवडा लवकर शिजतो, असे बायका सांगत. स्तोइल सरपंच तर चारचौघांत म्हणायचा, “घरच्या नळाच्या पाण्याचा चहा केला की कपाचे डाग निघतात. पोटाचं काय होत असेल ते देव जाणे.” लोक हसायचे आणि माझ्याखाली बुधले धरायचे. मी फुलून जायचो.

राइनाआजींचे घर माझ्या समोरच आहे. त्या दिवसभर माझ्याशेजारच्या बाकावर बसून लोकर विणत आणि कान माझ्याकडे ठेवत. कोणी पाणी पिऊन मुकाट्याने निघाला की त्यांची सुई थांबायची.

“काय हो, पाणी गोड लागलं ना? मग माझ्या पोराचं नाव घ्यायला जीभ का जड झाली?”

तो बिचारा ओशाळून टोपी काढायचा आणि म्हणायचा, “देव मोंचिलला क्षमा करो.” मग सुई पुन्हा चालू व्हायची. आजींना दुसरे काही नको होते. पेन्शन पुरत नाही, गुडघे दुखतात, याची तक्रार त्यांनी कधी केली नाही. आपल्या मागे हे शब्द बंद पडू नयेत, एवढी एकच काळजी त्यांना होती.

मित्रांनो, मला पाण्याची चव कळत नाही. मी फक्त वाट आहे. माझ्या झऱ्याच्या वर, माळावर, पूर्वी मेंढ्या चरायच्या. मग तिथे मोठमोठी शेते झाली. दर वसंतात यंत्रे यायची आणि पांढरे दाणेदार खत मुठी-मुठीने नव्हे, पोत्या-पोत्यांनी फेकून जायची. पाऊस पडला की ते खत विरघळून जमिनीत उतरायचे. जमिनीखाली माझा झरा होता. पाणी तसेच थंडगार, तसेच काचेसारखे स्वच्छ दिसत होते. कोणाला कसली शंका येणार?

एका सकाळी पाणी तपासणारी एक बाई आली आणि बाटल्या भरून घेऊन गेली. काही दिवसांनी ती परत आली, ती पाटी घेऊनच. माझ्यासमोर उभी राहून ती स्तोइलला म्हणाली, “ह्या पाण्यात नायट्रेट फार आहे. खताचंच ते. पिऊ नका. तान्ह्या बाळांना तर थेंबही नको, त्यांच्या रक्ताला श्वास पुरत नाही.”

“उकळून घेतलं तर?” स्तोइलने विचारले.

“उकळून जंतू मरतात, हे जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं. पाटी आजच लावा.”

ती गेली आणि राइनाआजी समोरच्या घरातून बाहेर आल्या.

“काय म्हणत होती ती?”

“पाणी चांगलं नाही म्हणाली, मावशी.”

“तिनं पिऊन पाहिलं?”

“नाही. बाटलीत भरून नेलं होतं.”

“मग तिला काय कळणार?” आजींनी पाटी वाचली. पिऊ नका. त्यांचा चेहरा उतरला. “स्तोइल, तू आणि मोंचिल शाळेत एका बाकावर बसायचात. त्याच्या नावाशेजारी तू हे टांगणार? उद्यापासून इथे कोण थांबेल? त्याची आठवण कोण काढेल?”

स्तोइल वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो. तो बराच वेळ पाटी हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने ती माझ्या मागच्या बाजूला, कुंपणाच्या झाडीकडे तोंड करून ठोकली.

“झालं, पाटी लागली,” तो म्हणाला. “वाटलंच तर उकळून प्या, मावशी. म्हणजे कुणाची कटकट नको.”

बाई काय सांगून गेली होती ते त्याने ऐकले होते आणि मीही ऐकले होते. पण म्हाताऱ्या बाईला काहीतरी धीर द्यावा म्हणून त्याच्या तोंडून ते निघून गेले. गावात सगळ्यांना पाटीची गोष्ट कळली. कोणी ती फिरवली नाही. राइनाआजींचे मन राखायचे म्हणून जो तो दोन घोट पिऊन जायचा आणि ते शब्द म्हणायचा. मोठ्या माणसांना काही झाले नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटले, बाईच उगाच घाबरवून गेली.

त्याच सुमारास पलीकडच्या घरात बाळ झाले. दाम्यान पावाची गाडी चालवतो. त्याची बायको झ्द्रावका. मुलगी झाली, नाव ठेवले कालिना. आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही आणि बाहेरच्या कोणी बाळ पाहायचे नसते, दृष्ट लागते म्हणतात. खिडक्यांना पडदे असतात. झ्द्रावकाला दूध कमी होते, म्हणून डब्यातली पावडर कालवावी लागे. तिच्या घरात म्हातारे माणूस नव्हते. राइनाआजींनी ते काम आपल्याकडे घेतले. रोज सकाळी त्या माझ्याखाली किटली धरत, घरी जाऊन पाणी खळाखळा उकळत आणि दाराच्या फटीतून आत देत.

खिडकीतून झ्द्रावकाचा आवाज यायचा, “आजी, नका इतका त्रास घेऊ. घरच्या नळाचं घेईन मी.”

“त्या औषधाच्या वासाचं? पोरी, ते मी माझ्या मांजराला देत नाही. हे दोनदा उकळलंय. निर्धास्त पाज.”

आजींना त्या बाळाचा भारी लळा लागला होता. परत येताना माझ्या दगडावर हात ठेवून त्या म्हणत, “मोंचिल, तुझं पाणी पिऊन वाढतेय हो ती.” एवढे समाधान मी त्यांच्या तोंडावर पूर्वी कधी पाहिले नव्हते.

मग झ्द्रावका म्हणू लागली की बाळ फार झोपते, दूध ओढत नाही, ओठ कसेसेच दिसतात. आजी म्हणाल्या, थंडी असेल, लोकरीत गुंडाळ. पडद्याआडच्या अंधारात रंग तरी काय दिसणार? दाम्यान पहाटे जायचा आणि बाळ झोपल्यावर यायचा. एका रविवारी तो घरी होता. त्याने बाळ उचलले, खिडकीशी नेले आणि पडदा बाजूला केला. झ्द्रावकाची किंकाळी माझ्यापर्यंत आली. पोरीचे ओठ आणि नखे जांभळी झाली होती. पावाची गाडी धुरळा उडवीत माझ्यासमोरून शहराकडे गेली. राइनाआजी रिकामी किटली हातात धरून रस्त्यात उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी बाकावर बूड टेकले नाही.

दाम्यान परत आला तेव्हा त्याच्या हातात घण होता. तो सरळ माझ्याकडे आला. आजी आडव्या आल्या.

“आधी सांग, पोर कशी आहे?”

“जगेल. डॉक्टरांनी औषध दिलं, रंग परत आला. तुम्ही बाजूला व्हा.”

“माझ्या मुलाचं नाव आहे त्याच्यावर, दाम्यान.”

“माझ्या मुलीच्या पोटात ह्याच पाण्याचं विष गेलं, आजी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा.”

“मी उकळलं होतं,” आजी म्हणाल्या. “रोज. चांगलं अर्धं होईपर्यंत उकळत होते.”

दाम्यानने घण खाली ठेवला. त्याला रागावायचे होते, पण ते जमेना. तो हळू आवाजात म्हणाला, “त्यानंच जास्त झालं, आजी. पाणी आटलं. विष आटलं नाही.”

मित्रांनो, आजी रडल्या नाहीत. त्या माझ्या हौदाच्या काठावर बसल्या आणि आपल्या दोन्ही हातांकडे पाहत राहिल्या. स्तोइलही तिथे आला होता. तो मान खाली घालून म्हणाला, “मावशी, बाईनं मला सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही.” आजींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. मला त्या सगळ्यांची कीव आली. इथे कोणी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. प्रत्येकाने कोणाचे तरी मन सांभाळले होते, आणि त्याची शिक्षा एका तान्ह्या जिवाने भोगली.

अखेर आजी उठल्या. “घण नको,” त्या म्हणाल्या. “मागची पाटी काढ आणि इथे लाव.”

“कुठे?”

“त्याच्या नावावरच लाव. लोकांची नजर आधी तिथेच जाते.”

दाम्यानचा हात पुढे होईना. तेव्हा आजींनी स्वतः पाटी धरली आणि त्याला खिळे ठोकायला सांगितले. ते तिरके अक्षर पाटीखाली गेले. आता माझ्यावर मोंचिलचे नाव दिसत नाही. फक्त ‘पिऊ नका’ दिसते.

तेव्हापासून माझ्यासमोर रांग नाही. माझ्या पाण्यात कोणी घेवडा शिजवत नाही. हौदाला शेवाळ आले आहे, ते घासायला कोणी येत नाही. मी मात्र वाहतोच आहे, कारण मला थांबता येत नाही. माळावर यंत्रे येतात आणि खत टाकून जातात. पाणी तपासणारी बाई अधूनमधून बाटल्या भरते आणि मान हलवते. माझा झरा पुन्हा स्वच्छ व्हायला किती काळ लागेल, हे तिलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, मला तुमच्याकडून कौतुक नको. ते मला भरपूर मिळाले आणि त्यानेच घात झाला. पाणी थंड आहे, स्वच्छ दिसते, गोड लागते, एवढ्यावर त्याला चांगले म्हणू नका. ते तपासून घ्या. तपासणाऱ्याने कटू सांगितले तर तेही ऐकून घ्या आणि पाटी लोकांना दिसेल अशीच लावा. जमिनीवर जे टाकाल ते उद्या कोणाच्या तरी दुधाच्या बाटलीत उतरते, एवढे विसरू नका. म्हाताऱ्या नळाचे एवढे ऐका.

राइनाआजी अजून माझ्याशेजारी येऊन बसतात. पण आता विणकाम आणत नाहीत. घरच्या नळाचे पाणी त्या काचेच्या जगमध्ये भरून आणतात आणि सोबत दोन पेले. कोणी तहानलेला माझ्याकडे वळला की काठी आडवी करतात आणि पेला पुढे धरतात. परवा एक लांब पल्ल्याचा ट्रकवाला थांबला. एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडे केले.

“आजी, ह्याला औषधाचा वास येतोय.”

“येऊ दे. प्या.”

त्याने पेला संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला. मग त्याला रीत आठवली असावी. त्याने टोपी काढली, पाटीखाली नाव कुठे दिसते का ते वाकून पाहिले आणि विचारले, “कोणाच्या नावानं म्हणू?”

आजींनी त्याच्या हातातून रिकामा पेला घेतला.

“कोणाच्या नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला तहान लागली होती, म्हणून दिलं.”