शेंगकिड्याचं घराणं

समजा, तुमच्या तळहातावर भुईमुगाची एक शेंग आहे. ओली आणि मऊ. बघता बघता तिचं एक टोक पुढे सरकतं, सोंडेसारखं लांब होतं आणि टोकाशी बारीक मिशा फुलतात. तुम्ही दचकलात की सोंड आत, पुन्हा नुसती शेंग. हा शेंगकिडा. तो समुद्राच्या वाळूत राहतो.

असे बरेच शेंगकिडे एका संग्रहालयाच्या मागच्या खोलीत बरण्यांत ठेवलेले होते. बरण्या सांभाळायचं काम मामांचं. शाळेला सुट्टी लागली की त्यांची भाची तिथेच पडीक असे. ती एका जागी ठरत नसे म्हणून मामा तिला खारूताई म्हणत. या खेपेला मात्र ती पाच दिवस मान खाली घालून बसली होती. दुसऱ्या दिवशी मुलांचं दालन उघडणार होतं आणि तिथे लावायचा किड्यांचा वंशवृक्ष तिने काढायचा होता.

मामांनी तिला आपली युक्ती शिकवली होती. हातमोजा घालायचा, किड्याच्या अंगावरून बोट फिरवायचं. बोटाला वळी, म्हणजे अंगावरची कडी लागली, तर तो गांडुळा-जळवांच्या घराण्यातला. नाही लागली, तर परका. शेंगकिड्यावरून बोट अलगद घसरलं. म्हणून तिने त्याची फांदी अगदी वेगळी काढली, काळ्या शाईने. मामांनीही मान डोलावली.

संध्याकाळी संशोधक बाई चित्र पाहायला आल्या.

"झकास काढलंयस," त्या म्हणाल्या. "पण याला एकटं का टाकलंस? हा तर गांडुळांच्या घराण्यातला."

"त्याला वळी कुठेत? मामानेच सांगितलंय."

मामा बरणी पुसत होते. "आमच्या कपाटात तो तीस वर्षं एकटाच आहे, बाई."

"कपाट तुम्ही लावलंयत, मामा. त्याने नाही."

बाईंनी सांगितलं, की सगळ्या किड्यांची जनुकं शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली, तेव्हा हा गांडुळांच्या गोतावळ्यात निघाला. मग त्यांनी संगणकावर दोन फोटो उघडले. पहिल्यात शेंगकिड्याचं पिल्लू होतं. त्याच्या पोटाकडच्या मज्जातंतूंच्या दोऱ्यावर ठिपक्यांच्या जोड्या होत्या, एकीमागे एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. दुसऱ्यात तेच पिल्लू थोडं मोठं झालेलं. दोरा होता, पायऱ्या गेलेल्या. "गांडुळात या पायऱ्या जन्मभर राहतात," बाई म्हणाल्या.

खारूताई रडवेली होऊन आपल्या चित्राकडे वळली. "पाच दिवस घातले मी यात. आणि उद्या लावायचंय."

"चूक माझी," मामा म्हणाले. "बोटाला वळी कळतात, नातं नाही कळत. इतक्या वर्षांत डोक्यातच आलं नाही."

"डोकं काय बरणीत ठेवलं होतंस?" खारूताई फणकारली.

"असेल. शोधायला हवं."

बाईंना हसू आवरेना. खारूताईने नाक पुसलं. "मग याचा सख्खा भाऊ कोण? कुणाशेजारी बसवू?"

"घराणं नक्की आहे. शेजारी कोण, यावर आमची अजून भांडणं चालू आहेत."

तिने कात्री घेतली, शेंगकिड्याची फांदी कापली आणि गांडुळांच्या घोळक्यात नेऊन चिकटवली. फांदी जोडणारी रेघ तेवढी राहिली होती. तिने शाईचं पेन बाजूला सारलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.