एप्रनचा खिसा

"शंकरराव, तुमचा हरला," हरेशशेठ खुर्चीतूनच ओरडले. "अब बोलो!"

उल्हासनगरच्या त्यांच्या दुकानात दोन कंप्युटर शेजारी शेजारी चालू होते. दोन्हींचे प्रोसेसर वेगळ्या कंपन्यांचे. शेठच्या आवडत्याचा वेग कागदावर जास्त, त्यांच्याकडे मशीन जोडणाऱ्या शंकररावांच्या आवडत्याचा कमी, पण त्याच्या पोटातली कॅश तिप्पट. मांजर्लीच्या शलाकाला यातला एक घ्यायचा होता. नदी फुगली की पाणी कुठल्या गल्लीत किती वेळात शिरेल, हे काढायचं तिचं काम. तिची फाइल शेठच्या मशीननं चौदा मिनिटांत संपवली. शंकररावांच्या मशीनला सोळा लागली.

पैज सकाळीच लागली होती. शंकरराव हरले तर उद्यापासून गिऱ्हाइकाला सल्ला द्यायचा नाही, गुपचूप स्क्रू पिळायचे. शेठ हसत बोलले होते, पण माणूस शब्दाचा पक्का. बासष्टाव्या वर्षी शंकररावांना स्क्रू पिळायची लाज नव्हती. "काका, कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की मात्र त्यांचा दिवस चांगला जायचा. तेवढं त्यांना हवं होतं.

"काका, पण ही कॅश म्हणजे काय?" शलाकानं विचारलं.

"कॅश तो मेरे को भी चाहिए," शेठनी संधी सोडली नाही.

शंकरराव हसले. "मी अंबरनाथला एका कंपनीत फिटर होतो. पाना पायजे असला की पितळी टोकन घेऊन स्टोअरला जायचं, लाइन लावायची. हात कितीबी फास्ट असू दे, अर्धा दिवस चालण्यात जायचा. म्हणून मी रोजचे सहा पाने एप्रनच्या खिशातच ठेवायचो. कॅश म्हणजे तो खिसा. रॅम म्हणजे स्टोअर."

"मग हरला कसा, काका?"

पेचकस उचलताना त्यांचं मन अजून कंपनीतच होतं. त्या सहा पान्यांसाठी त्यांना मेमो मिळाला होता, 'हत्यारे विनापरवाना जवळ बाळगली' म्हणून. पुढे कित्येक वर्षं सुटताना गेटवर त्यांची झडती व्हायची, डबासुद्धा उघडून बघायचे. त्यांना ते अजून लागायचं.

त्यांनी कॅबिनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या लगतच्या खाचांत बसल्या होत्या. एक खाच सोडून बसवायच्या, हे ते स्वतःच सगळ्यांना बजावत असत.

"स्टोअरला खिडक्या दोन, आणि मी सगळ्यांना एकाच खिडकीवर उभं केलं," ते म्हणाले. "चूक माझी, शेठ. सकाळी घाईत मीच बसवल्या."

शेठ उठून आले, वाकून खात्री करून घेतली. "चला, फिर से. पण चीटिंग नाय हां."

पट्टी हलवली, फाइल परत लावली. चहा आला, तो कुणी प्यायलंच नाही. अकरा मिनिटं.

शेठनी पडद्यावरचा आकडा दोनदा वाचला. मग शलाकाला म्हणाले, "मेरे को मत पूछ. काकांना विचार."

"काका, कुठला घेऊ?"

शंकररावांचा चेहरा फुलला. "पाण्याचं काम करणार ना? मग खिसा मोठा असलेला घे. नुसतं टायपिंग असतं तर शेठचाच घे म्हटलं असतं."

कॅबिनेटचा शेवटचा स्क्रू आवळून त्यांनी पेचकस नेहमीच्या खिशात सरकवला. इथून घरी जाताना कुणी झडती घेत नसे.