पऱ्हाटीचा तास

वासुदेवरावांचं वेळापत्रक बघत राहावं असं असे. सकाळचा चहा झाला की ते पट्टीने रकाने आखत, निळ्या शाईने वेळ लिहीत आणि तांबड्या शाईने काम. गावच्या वाचनालयात छत्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर हाताला लागलेलं वळण निवृत्तीनंतरही सुटलं नव्हतं. फक्त गेले तीन आठवडे पहिल्या रकान्यातलं काम काही बदलत नव्हतं. सहा ते आठ : सुरुवात लिहिणे.

वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती. त्याची स्मरणिका निघणार होती, आणि सायकलवर पेटी बांधून ते दर बुधवारी आसपासच्या खेड्यांत पुस्तकं नेत असत त्या दिवसांवर चार पानं लिहा, असं मंडळाने त्यांना सांगितलं होतं. दोन दिवस ते हरखून गेले. तिसऱ्या दिवशी शंका आली, की हे वाचणार कोण? ‘मी’ या शब्दाने सुरुवात केली तर आढ्यता वाटे, ‘आम्ही’ने केली तर खोटं, कारण सायकलवर ते एकटेच असत. हिंगणघाटच्या छापखानेवाल्या मोतीलालने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, की गुरुवारी संध्याकाळपर्यंत मजकूर आला नाही तर त्या चार पानांवर बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात जाईल. आज सोमवार होता. त्या पेटीतली पुस्तकं हाताळलेली बहुतेक माणसं आता नव्हती. त्यांच्याबद्दल लिहितील असे एकटे वासुदेवरावच उरले होते, आणि ते सुरुवातीपाशी बसून होते.

सुरुवात सोडून पुढचं लिहावं, हे त्यांना सुचणं शक्यच नव्हतं. पुस्तकांच्या दाखल नोंदवहीत एक आकडा गाळून पुढचा घालत नाहीत. तो गाळला की पुढची सगळी वही खोटी. हा नियम त्यांनी छत्तीस वर्षं पाळला होता.

त्यांच्या पत्नी जयवंताबाईंनी चष्मा लावून वेळापत्रक वाचलं आणि विचारलं, “याच्यात जेवण कुठं हाये?”

जेवण राहून गेलं होतं. त्याहून मोठं म्हणजे सीतादही राहून गेलं होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा असतो, आणि तो दिवस आजचा होता. वासुदेवरावांनी दुपारनंतरची वेळ सुचवून पाहिली. बायका सकाळीच वावरात पोचल्या आहेत, एवढंच उत्तर मिळालं. त्यांनी वेळापत्रकाची घडी घालून पेनासकट खिशात ठेवली आणि चप्पल पायात सरकवली.

पूजा झाली. झाडाला हळदकुंकू लागलं, दहीभात शिंपडला गेला, आणि वेचणीला आलेली धुरपता व तिच्या बरोबरच्या चारजणी कमरेला ओट्या बांधून वेचायला लागल्या. रिकामं बसून राहायचा संकोच वाटून वासुदेवरावही धुऱ्यालगतच्या, बांधाकडच्या पहिल्या झाडापाशी उभे राहिले. उमललेली बोंडं त्यांनी नीट वेचली. मग अर्धवट उघडलेली नखांनी उकलली. मग हिरवी बोंडं तोडून दाबून पाहू लागले. झाड पुरतं झाल्याशिवाय पुढच्या झाडाकडे जाणं त्यांच्या मनाला पटेना. बायका शेताच्या मधोमध पोचल्या, तरी ते तिसऱ्याच झाडाशी होते.

धुरपता परत येऊन त्यांच्यापाशी थांबली. लहानपणी वाचनालयाच्या पायरीवर बसून तिने चित्रांची पुस्तकं पाहिली होती, त्यामुळे त्यांना बोलायला ती कचरत नसे.

“काकाजी, एकाच तासात काऊन अडकून बसले?”

वासुदेवराव चपापले. सहा ते आठचा रकाना हिला कोणी सांगितला? त्यांचा हात खिशाकडे गेला. मग लक्षात आलं, की ती पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या ओळीबद्दल बोलत होती. इथे ओळीला तासच म्हणतात, आणि हे तर त्यांना जन्मापासून ठाऊक होतं.

“सगळी बोंडं निघाल्याशिवाय पुढं कसं जायचं?” ते म्हणाले.

धुरपता हसली नाही, पण तिला हसू आवरावं लागलं. “फुटलं ते वेचा अन् पुढं चाला. बंद हाये ते राहू द्या. पुढच्या वेच्यात येईन. कच्चं तोडलं तं ना कापूस, ना बोंड.” आणि जाता जाता जयवंताबाईंना ओरडून म्हणाली, “काकू, यायले सावलीत बसवा. वावर खाली करून राह्यले.”

ते बाभळीच्या सावलीत जाऊन बसले. खाली मान घालून दहीभात खाल्ला. मग कधीतरी त्यांना बुधवारच्या फेरीतली आनंदाबाई आठवली. तिला वाचता येत नव्हतं. ती दर बुधवारी पुस्तक नेई, नातीकडून वाचून घेई आणि परत देताना पाण्याचा डाग पडू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणी. ते तुकडे त्यांनी कधी टाकले नव्हते. पेटीच्या तळाशी अंथरले होते.

हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. त्यांनी खिशातून वेळापत्रक काढलं, पाठची बाजू वर केली आणि आनंदाबाईपासून लिहायला लागले. कागद भरला तसा नैवेद्याबरोबर आणलेला वर्तमानपत्राचा कोऱ्या कडेचा तुकडाही भरला. मधे पेटीची कडी मोडल्याचा प्रसंग आला, तो आधी लिहिला. चिखलात रुतलेली सायकल नंतर आली. दोन प्रसंग नुसतेच हिरवे होते. त्यांना हात लावला नाही.

गुरुवारी दुपारीच त्यांनी हिंगणघाटला जाऊन चार पानं मोतीलालच्या हातात दिली. मोतीलालने उभ्याउभ्या वाचली, मग पहिलं पान उलटून पाठीमागे पाहिलं.

“काकाजी, हे तं एकदम आनंदाबाईपासूनच चालू होते. सुरुवातीचं पान घरी राह्यलं का?”

“ते अजून फुटलं नाही,” वासुदेवराव म्हणाले, आणि स्वतःच्याच धिटाईने कानापर्यंत लाल झाले.

मोतीलालला कळलं की नाही, कोण जाणे. पण पानं त्याने थांबलेल्या कामांच्या खिळ्याला न अडकवता टेबलावर, आज छपाईसाठी जुळवायच्या कागदांत ठेवली.

शुक्रवारी सकाळी वासुदेवरावांनी पट्टी घेऊन रकाने आखले. निळ्या शाईने वेळ घातली. कामाचे रकाने मात्र बराच वेळ कोरेच राहिले, आणि जयवंताबाईंनी पोह्यांची बशी नेमकी त्यांवरच ठेवली.