पाट्यांची पाठ

शर्यत रद्द झाल्याचं कुवेतमधल्या मुतलाच्या डोंगरधारेवरच्या सगळ्या जोड्यांना कळलं होतं. फक्त चारुशीला आणि ताहिराला कळलं नव्हतं. त्या दोघी तेव्हा एका घळीच्या पलीकडे होत्या, आणि एरवी कोरडी ठणठणीत असणारी ती घळ दुथडी वाहत होती.

१९९६चा जानेवारी होता. चारुशीलाचा नवरा मुकेश शुऐबाच्या एका कारखान्यात होता आणि तिथल्या गोऱ्या इंजिनियरांनी काढलेला क्लब दर हिवाळ्यात रात्रभराची एक शर्यत घ्यायचा. हातात नकाशा आणि कंपास, कपाळाला टॉर्च. धारेवर आणि तिच्या घळींमध्ये लपवलेली निशाणं शोधायची, प्रत्येक निशाणापाशी कार्डाला भोक पाडायचं आणि उजाडायच्या आत हमरस्त्याकाठच्या तंबूत परत यायचं. दोघादोघांची जोडी. डोंगर म्हणावा असं कुवेतमध्ये एवढंच काय ते. भोरच्या चारुशीलाला त्याचं हसूच आलं होतं.

"याला डोंगर म्हणतात? आमच्याकडे याच्यावर म्हशी चरतात," असं ती मुकेशला म्हणाली होती.

ती सरकारी इस्पितळात नर्स होती, लहान मुलांच्या वॉर्डात. चाळिशीला टेकली होती, दोन मुलं होती, पण रोज पहाटे त्यांच्या रुमैथिया वस्तीच्या रस्त्यांवरून पळायची. ताहिरा तिच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर भावाकडे राहायची. मुरूडची मुलगी, सव्विसाव्या वर्षातली, इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवायची. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात नकाशावाचनात तिला पदक मिळालं होतं. पहाटे दोघी बरोबर पळू लागल्या आणि त्यातूनच ही शर्यतीची कल्पना निघाली. नाव नोंदवणाऱ्यांमध्ये बायकांची जोडी ही एकच.

संध्याकाळी तंबूत शर्यतीच्या प्रमुखाने सगळ्यांना एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली होती. युद्धात इराकी फौजेने या धारेवर सुरुंग पेरले होते. पाच वर्षांत बहुतेक काढून झाले, तरी काही तुकडे अजून बाकी होते. नकाशावर त्यांच्यावर लाल रेघा मारल्या होत्या आणि जमिनीवर त्यांच्याभोवती लोखंडी गजांवर पत्र्याच्या पाट्या होत्या. पाटीवर लाल त्रिकोण, त्यात कवटी. "पाटी दिसली की मागे फिरा," तो म्हणाला होता, "ती ओलांडून कोणीही जाणार नाही." येताना बसमधून त्यांनी तशा पाट्यांची एक रांग पाहिलीही होती. उन्हात त्या इतक्या निरुपद्रवी दिसत होत्या की ताहिराने खिडकीतून फोटो काढला.

रात्री दहापर्यंत सगळं उत्तम चाललं. आकाश स्वच्छ होतं, खाडीपलीकडे शहराचे दिवे लखलखत होते, आणि दोघी चार निशाणं मिळवून पुढे होत्या. मग उत्तरेकडून वारा आला. वाळू उडाली, शहराचे दिवे पुसले गेले आणि पाऊस सुरू झाला. तोही साधा नाही, गारांचा. वाळवंटात पाणी मुरतं असं लोकांना वाटतं. तिथे ते मुरत नाही, धावतं. घळ ओलांडताना ताहिराचा पाय घसरला आणि ती मानेपर्यंत पाण्यात गेली. चारुशीलाने तिला दंडाला धरून ओढून काढलं, पण नकाशाची पिशवी आणि ताहिराचा टॉर्च वाहून गेला. मागे फिरायचं तर पुन्हा त्याच पाण्यातून. म्हणून त्या वाऱ्याकडे पाठ करून, कंपासच्या भरवशावर, दक्षिणेला हमरस्त्याच्या दिशेने चालत राहिल्या.

किती वेळ चालल्या ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. पाऊस रिमझिमीवर आला तेव्हा चारुशीलाच्या टॉर्चच्या उजेडात समोर काहीतरी चमकलं.

"चारुताई, पाटी!" ताहिराचे दात वाजत होते. "रस्त्याची पाटी असेल. आलो आपण."

चारुशीलाने टॉर्च फिरवला. एक पाटी नव्हती. उजवीकडे दुसरी होती, डावीकडे तिसरी, समान अंतरावर, एका ओळीत. कोरा, गंजका पत्रा. कोणत्याच पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. ती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

"ताहिरा, हलू नकोस."

"काय झालं?"

"या पाट्यांची पाठ आहे आपल्याकडे."

ताहिराला कळायला थोडा वेळ लागला. बसमधून दिसलेली कवटी रस्त्याच्या बाजूला होती, बाहेरून येणाऱ्याला दिसावी म्हणून. कोरा पत्रा आतल्या बाजूला. आणि त्यांना कोरा पत्रा दिसत होता. म्हणजे गारांच्या माऱ्यात, न दिसलेल्या कुठल्यातरी दोन पाट्यांच्या मधून त्या आत शिरल्या होत्या.

"या अल्लाह," ती हळूच म्हणाली. मग तिने एक पाय उचलला, कुठे ठेवावा ते तिला सुचेना, आणि ती तशीच एका पायावर डुलत राहिली. चारुशीलाने ओरडूनच सांगितलं, "होता तिथेच ठेव! तिथेच!"

पाट्या तीसेक पावलांवर होत्या. घरातल्या खोल्या ओलांडाव्यात इतक्या जवळ. मधली जमीन सपाट, खडीची, काळी आणि ओली. चारुशीला तिच्याकडे बघत राहिली आणि प्रत्येक खड्याखाली काहीतरी आहे असं तिला वाटू लागलं. वॉर्डात तिने पोरांचे जीव जाताना पाहिले होते, पण तिथे तिच्या हाताला काम असायचं. इथे हात काही करू शकत नव्हते. आपण अजून उभ्या आहोत एवढंच खरं होतं.

"आलो तसे मागे जाऊ," ताहिरा म्हणाली. "आपल्याच पावलांवर पाय देत. आपण आलो तेव्हा काही झालं नाही ना?"

ते खरं होतं. चारुशीलाने जागच्या जागी वळून टॉर्च मागे धरला. ओल्या वाळूत बुटांचे ठसे होते. दोघी एकामागे एक निघाल्या. ठशात बूट बरोबर बसेपर्यंत वजन टाकायचं नाही, मग दुसरा पाय. ताहिराने मागून चारुशीलाच्या जाकिटाचं टोक घट्ट धरलं होतं. दहा-बारा ठसे झाले. पुढचा अर्धवट होता. त्याच्या पुढचा नव्हताच. तिथून पुढे पाण्याचा पातळ पडदा वाळूवरून सरकत होता आणि त्याने सगळं सारखं करून टाकलं होतं.

दोघी पुन्हा त्याच ठशांवरून होत्या तिथे आल्या.

चारुशीलाने शिट्टी काढली. संकटात सहा वेळा वाजवायची, मग थांबायचं, मग पुन्हा सहा. ती वाजवत राहिली. वारा शिट्टी तोंडापासूनच हिसकावून नेत होता. मग दोघी बुटांच्या जागा न सोडता उकिडव्या बसल्या, आणि चारुशीलाने आपल्या अंगातलं मुकेशचं जाड जाकीट दोघींच्या अंगावर ओढलं.

"सकाळी कोणीतरी येईल," ती म्हणाली. "उजाडलं की लांबून दिसू आपण."

"ताई, मला भीती वाटतेय."

"मलापण."

"नाही, तुम्ही असं म्हणू नका. तुम्ही म्हणा काही होत नाही."

"काही होत नाही," चारुशीला म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

ताहिरा थडथडत होती. तिचं सगळं अंग चारुशीलाच्या अंगाला हादरे देत होतं. ती आईविषयी बोलली, मुरूडच्या घराविषयी बोलली, भाऊ रागावेल म्हणाली. मग तिचे शब्द एकमेकांत अडकायला लागले. मग ती गप्प झाली. आणि थोड्या वेळाने चारुशीलाच्या लक्षात आलं की हादरे थांबले आहेत.

"ताहिरा! बोल काहीतरी."

"झोप आलीय." ती स्वेटरची बटणं चाचपत होती. "हे काढते. गरम होतंय."

चारुशीलाने तिचे हात धरून ठेवले. कुडकुडणं थांबलं म्हणजे थंडी गेली नव्हती, अंगातली लढाई संपत आली होती. आता उजाडेपर्यंत बसून राहणं म्हणजे तिला सुरुंगाऐवजी थंडीच्या हाती देणं. तिने ताहिराच्या गालावर चापट मारली, पुन्हा मारली आणि जीव खाऊन शिट्टी वाजवली.

या वेळी उत्तर आलं. मोटारीचा हॉर्न. पाट्यांच्या पलीकडे, उतारावरून, दोन दिवे हलत वर आले आणि थांबले.

"कोण आहे? वहिनी? चारुवहिनी काय?"

दाभोळचा यूनुस होता तो. मुकेशचा दोस्त. शर्यतीसाठी त्याने आपली जीप दिली होती आणि दोन तास तो धारेवरून जोड्या गोळा करत फिरत होता.

"यूनुसभाई, पुढे येऊ नका! आम्ही आत आहोत! पाट्यांच्या आत!"

दिव्यांसमोर एक आकृती आली आणि पाटीपाशी थबकली. यूनुसने पाटीची पुढची बाजू पाहिली असावी.

"वहिनी, एक पाऊल टाकू नका," तो ओरडला. "मी खाली जहरा गावच्या चौकीवर जातो. सुरुंगवाल्या लोकांना आणतो."

"ते कधी येतील?"

"उजाडल्यावर."

"ही तोवर राहणार नाही! भिजलीय, बरळतेय. थंडी आत गेलीय तिच्या."

"मग मी येतो. आपण दोघं मिळून उचलू तिला."

"नाही! तुम्हाला शप्पथ आहे, यूनुसभाई! आणखी दोन पायांची जोखीम कशाला? तुम्ही फक्त गाडी वळवा. दिवे जमिनीवर पाडा. अगदी जमिनीलगत."

यूनुस जीप उताराच्या एका खळग्यात घेऊन गेला. आता उजेड खडीवर आडवा पडला. प्रत्येक खड्याला लांब सावली आली. कुठे जमीन जरा फुगलेली, कुठे दबलेली, कुठे पाण्याने खरवडलेली, सगळं दिसू लागलं. त्याने भीती कमी झाली नाही, उलट वाढली. आता तिला कुठेही बघितलं तरी शंकाच दिसत होती.

तिने ताहिराला पाठीवर घेतलं आणि तिचे हात आपल्या गळ्यात अडकवले.

"ताई, सोडा," ताहिरा पुटपुटली. "मी चालते. तुम्हाला पोरं आहेत."

"गप्प बस. चार पाय पडण्यापेक्षा दोनच पडू देत."

ती उठली. खंडोबाचं नाव घ्यायला ती तोंड उघडायला गेली, पण नाव आठवेना. मग तिने आपल्या मुलांची नावं घेतली, तीच, आळीपाळीने. पहिलं पाऊल टाकलं. काही झालं नाही. काही न होणंसुद्धा सहन होत नव्हतं, कारण लगेच दुसरं टाकायचं होतं. जिथे पाण्याने वरचा थर नेला होता आणि खालचा पिवळा कडक थर उघडा पडला होता, तिथे ती पाय देत गेली. एके ठिकाणी तसा थर संपला. पुढे एक मोठं पाऊल टाकावं लागणार होतं, मऊ वाळूवर. ती तिथे उभी राहिली. पाठीवरचा भार हळूहळू सैल होत होता.

"वहिनी," यूनुस म्हणाला. तो आता ओरडत नव्हता. "मी इथे आहे. माझ्याकडे बघू नका, पायाकडे बघा."

तिने पाय टाकला. वाळू खाली दबली, बूट घोट्यापर्यंत आत गेला, आणि चारुशीलाच्या तोंडातून एक ओरडा बाहेर पडला. जनावराचा असावा तसा. पण ती फक्त वाळू होती. तिने पाय उपसला. पुढची पावलं तिला आठवत नाहीत. यूनुसचे हात पाठीवरून ताहिराला उचलून घेत होते एवढं आठवतं, आणि वळून पाहिल्यावर पाटीवर दिसलेली लाल कवटी.

जीपचा हीटर, यूनुसची दोन घोंगडी, आणि ताहिराला छातीशी कवटाळून बसलेली चारुशीला. जहरा येईपर्यंत ताहिरा पुन्हा थडथडायला लागली. ते हादरे लागल्यावर चारुशीला रडायला लागली आणि इस्पितळाच्या दारापर्यंत तिला थांबता आलं नाही.

ताहिरा तीन दिवसांत घरी आली. भाऊ चिडला, मग रडला, मग मिठाई घेऊन खाली आला. सुरुंगवाल्या लोकांनी तो तुकडा त्याच महिन्यात साफ केला. त्यांना तिथे दोन सुरुंग मिळाले. कुठे मिळाले, हे मुकेशने विचारून घेतलं होतं. चारुशीलाने त्याला ते सांगू दिलं नाही.

तिची भीती मात्र नंतर आली. इस्पितळाच्या फरशीवर, डांबरी रस्त्यावर ती ठीक असायची. पण रुमैथियात त्यांच्या इमारतीच्या आणि बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, मध्ये एक मोकळी, वाळूची जागा होती, आणि सगळी वस्ती तिथूनच आडवी जायची. चारुशीला तिच्या कडेला पोचली की पाय उचलत नसे. दूध आणायला ती सबंध चौक वळसा घालून जाऊ लागली. पहाटेचं पळणं सुटलं. मुकेश म्हणाला, "अगं, इथे पोरं क्रिकेट खेळतात." तिला ते माहीत होतं. माहीत असण्याचा काही उपयोग नव्हता.

मार्च उजाडला होता. एका शुक्रवारी सकाळी ताहिरा खाली आली, पायांत चपला, हातात रिकामी पिशवी.

"चला, बकाल्यात जाऊ."

"मी रस्त्याने येते. तू हो पुढे."

ताहिरा तिचा हात धरून चालू लागली. दोघी त्या मोकळ्या जागेच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. पलीकडे बकाल्याचा माणूस शटर वर करत होता. ताहिरा वाळूत उतरली, वळली, आणि पाठमोरी होऊन खाली वाकली.

"बसा."

"वेडी आहेस का? लोक बघतील."

"बघू देत. बसा ना, चारुताई."

चारुशीला हसली. फार दिवसांनी हसली. पाठीवर काही ती बसली नाही. तिने ताहिराच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने साडी जराशी वर धरली आणि एक पाय वाळूवर टेकवला. घाम फुटला. ती तशीच उभी राहिली. मग तिने दुसरा पाय टेकवला.

त्या दिवशी दोघी निम्म्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. दूध नंतर मुकेशने आणलं.